रुग्णालयाचा उक्ता दर

घर बांधतांना गवंडी रोजानें ठेवावा कीं काम उक्तें द्यावें, हा प्रश्न संसारी माणसाला केव्हां ना केव्हां सोडवावा लागतोच. रोजानें ठेवला तर काम लांबत जातें. उक्तें दिलें तर तें लौकर आटोपतें, परंतु पहिल्याच पावसाळ्यांत भिंतीला ओल आली म्हणजे गवंड्याचा पत्ता लागत नाहीं. म्हणून व्यवहारी माणूस उक्तें काम देतांना केवळ रकमेची घासाघीस करीत नाहीं. एक पावसाळा सरेपर्यंत दुरुस्तीचा भार कोणावर, ह्याचीही बोली करून घेतो. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत रुग्णालयांना पैसे कसे द्यावे ह्याबद्दल गेलीं साठ वर्षें जे प्रयोग झाले, त्यांत रकमेची चर्चा फार झाली आणि ह्या दुसऱ्या बोलीची त्या मानानें कमी. तथापि रुग्णाचें बरेंवाईट बव्हंशीं ह्या दुसऱ्या बोलीवरच अवलंबून राहिलें, असें त्या इतिहासावरून दिसतें.

ह्या इतिहासाची सुरुवात एका शिक्षणाधिकाऱ्यापासून होते, ही गोष्ट शिक्षकवर्गाला कौतुकाची वाटण्यासारखी आहे. जस्टिन फोर्ड किंबॉल हे टेक्सस संस्थानांतील डॅलस शहराच्या शाळांचे अधीक्षक होते. पुढें तेथील बेलर रुग्णालयाचा कारभार त्यांच्याकडे आला, तेव्हां थकलेल्या बिलांच्या यादींत जुन्या ओळखीच्या शिक्षकांचीं नांवें त्यांना आढळलीं. १९२९ सालीं त्यांनीं अशी तोड काढली कीं, प्रत्येक शिक्षकानें महिन्याला अर्धा डॉलर भरावा आणि तो आजारी पडल्यास एकवीस दिवसांपर्यंत रुग्णालयानें त्याला ठेवून घ्यावें. ह्याच बीजांतून पुढें ‘ब्लू क्रॉस’ नांवाच्या विमासंस्था देशभर वाढल्या. शिक्षकाच्या डोक्यावरचा बोजा उतरला खरा, पण विमासंस्था आणि रुग्णालयें यांच्यामधील हिशेब दिवसांवर आणि खर्चावरच चालत राहिला. रुग्णानें वर्गणी उक्ती दिली. गवंडी मात्र रोजावरच राहिला.

हीच रीत पुढें सरकारनें उचलली. १९६५ सालीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकीर्दींत पासष्ट वर्षांवरील नागरिकांकरितां ‘मेडिकेअर’ ही विमायोजना मंजूर झाली. ३० जुलै रोजीं जॉन्सन मुद्दाम मिसूरी संस्थानांतील इंडिपेंडन्स या गांवीं गेले आणि वृद्ध माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या समक्ष त्यांनीं कायद्यावर सही केली. कारण वीस वर्षांपूर्वीं ट्रुमन यांनीं राष्ट्रीय आरोग्यविम्याची जी मागणी केली होती, ती त्या वेळीं धुडकावली गेली होती. १ जुलै १९६६ पासून योजना अंमलांत आली. रुग्णालयांचें सहकार्य मिळविल्यावांचून ती चालणें शक्य नव्हतें. म्हणून रुग्णालयाला जो ‘वाजवी खर्च’ येईल तो सरकारनें भरून द्यावा, आणि प्रारंभींचीं कांहीं वर्षें तर त्यावर शेंकडा दोन अधिक द्यावे, असें ठरलें. काटकसर करणाऱ्या रुग्णालयाच्या पदरांत कमी पैसे पडत आणि सढळ हातानें खर्च करणाऱ्याच्या पदरांत अधिक. मेडिकेअरनें रुग्णालयांना दिलेली वार्षिक रक्कम १९६७ मध्यें सुमारें ३ अब्ज डॉलर होती, ती १९८३ पर्यंत ३७ अब्जांवर गेली. ह्या वाढीचा सारा दोष हिशेबाच्या पद्धतीवर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. वृद्धांची संख्या वाढली, महागाई वाढली, नवीं यंत्रें आणि नव्या शस्त्रक्रिया आल्या. पण वाढीला आळा घालण्यांत कोणाचेंच हित नव्हतें, ही गोष्ट उरतेच.

आळा घालण्याचें साधन जेथें तयार झालें तेथें पैशाचा विचार मुळीं नव्हताच. येल विद्यापीठांत रॉबर्ट फेटर हे कारखान्यांच्या व्यवस्थेचें शास्त्र शिकविणारे प्राध्यापक होते, आणि त्यांचे सहकारी जॉन टॉम्पसन यांनीं परिचारक म्हणून उमेदवारी करून पुढें रुग्णालयव्यवस्थेचें अध्यापन पत्करलें होतें. मोटारींच्या कारखान्याला आपण काय बनवितों हें सांगतां येतें. रुग्णालय काय बनवितें, असा त्यांचा प्रश्न होता. रुग्णालय एक हजार दिवसांची शुश्रूषा बनवितें असें म्हणून भागत नाहीं, कारण आंत्रपुच्छाचा रुग्ण आणि पक्षाघाताचा रुग्ण एका मापानें मोजतां येत नाहींत. १९६७ नंतरच्या दहाएक वर्षांत त्या दोघांनीं हजारों रुग्णांच्या नोंदी गणकयंत्रावर चढविल्या आणि रोगनिदान, शस्त्रक्रिया, वय इत्यादि लक्षणांवरून सारख्या खर्चाच्या रुग्णांचे गट पाडले. हेच ते ‘निदानगट’. एखाद्या रुग्णाचा मुक्काम त्याच्या गटांतील इतरांहून फार लांबला तर तें डॉक्टरांच्या नजरेस यावें, एवढाच मूळ हेतु होता. फेटर आणि टॉम्पसन यांनीं तयार केलेलें माप दुसऱ्यांनीं बाजारांत नेलें. १९८० सालीं न्यू जर्सी संस्थानानें ह्या गटांवरून रुग्णालयांचे दर ठरविण्यास आरंभ केला, आणि तीन वर्षांनीं सबंध देशानें तोच मार्ग धरला.

२० एप्रिल १९८३ रोजीं अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनीं ज्या कायद्यावर सही केली, त्यानें १ ऑक्टोबरपासून मेडिकेअरच्या रुग्णांचे ४६७ गट पडले आणि प्रत्येक गटाला ठराविक रक्कम नेमून दिली गेली. रुग्ण पांच दिवस राहो वा पंधरा, रक्कम तीच. उरेल तें रुग्णालयाचें, कमी पडेल तें रुग्णालयानें सोसावयाचें. फारच असाधारण खर्चाच्या रुग्णांपुरती थोडी सवलत. मुक्त बाजारपेठेचा उद्घोष करणाऱ्या अध्यक्षाच्या हातूनच सरकारी दरपत्रक सर्व देशावर लागू व्हावें, ह्यांत गंमत आहेच.

ह्या बोलींत दोन वगळणुकी होत्या आणि पुढचा सारा इतिहास त्यांच्याभोंवतीं फिरतो. पहिली अशी कीं, डॉक्टरांची फी ह्या रकमेंत धरलेली नव्हती. ती पूर्वींप्रमाणें प्रत्येक भेटीला, प्रत्येक शस्त्रक्रियेला वेगळी मिळे. म्हणजे रुग्णालय उक्तें आणि डॉक्टर रोजावर, अशी एकाच छपराखालीं दोन माणसें दोन हिशेबांनीं वागूं लागलीं. दुसरी वगळणूक अधिक महत्त्वाची. रुग्णालयाची जबाबदारी त्याच्या फाटकापाशीं संपत होती. फाटकाबाहेर शुश्रूषागृह होतें, घरीं येणारी परिचारिका होती, व्यायाम करवून घेणारा तज्ज्ञ होता. त्या सर्वांचीं बिलें मेडिकेअर निराळीं भरीत असे. अशा स्थितींत रुग्णाला लौकर फाटकाबाहेर काढणें हा रुग्णालयाचा सरळ फायदा झाला.

मुक्काम झपाट्यानें घटले. ‘रुग्ण लौकर आणि अधिक आजारी स्थितींत घरीं येत आहेत’ असें अमेरिकेंत लोक बोलूं लागले. बोलण्यांत तथ्य किती, हें पाहण्याचा पहिला लक्षांत राहण्याजोगा प्रयत्न इंडियानापोलिस येथील एका रुग्णालयांत झाला व १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. खुब्याचें हाड मोडलेल्या वृद्धांच्या नोंदी त्यांत तपासल्या होत्या. नव्या पद्धतीपूर्वीं अशा रुग्णाचा सरासरी मुक्काम २१.९ दिवस असे. नंतर तो १२.६ दिवसांवर आला. घरीं जाण्यापूर्वीं रुग्ण जास्तींत जास्त किती चालूं शकतो ह्याचीही नोंद ठेवली होती. पूर्वीं तो २७ मीटर चालत असे, नंतर ११ मीटर. सत्तावीस मीटर म्हणजे वाड्याच्या दारापासून अंगणांतल्या विहिरीपर्यंत जाऊन येणें. अकरा मीटर म्हणजे खोलींतल्या खोलींत फिरणें. रुग्णालयांतून थेट शुश्रूषागृहांत जाणारे शेंकडा ३८ होते ते ६० झाले. आणि सर्वांत हृदयाला लागणारा आंकडा पुढेंच आहे: एक वर्षानंतरही शुश्रूषागृहांतच राहिलेले पूर्वीं शेंकडा ९ होते, ते शेंकडा ३३ झाले. रुग्णालयाच्या वह्यांत नऊ दिवसांची बचत जमा झाली आणि तिकडे एका म्हातारीचें घर सुटलें, हे दोन आंकडे कोणत्याही एका वहींत शेजारीं शेजारीं लिहिले जात नव्हते.

अर्थात् एका रुग्णालयाचा अनुभव म्हणजे सर्व देशाचा नव्हे. ‘रँड’ ह्या संशोधनसंस्थेनें पांच संस्थानांतील २९७ रुग्णालयांमधून सुमारें चौदा हजार रुग्णांच्या नोंदी मिळविल्या, कांहीं नव्या पद्धतीच्या आधींच्या आणि कांहीं नंतरच्या, आणि १९९० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. हृदयविकाराचा झटका, हृदयाचें दौर्बल्य, फुप्फुसदाह, पक्षाघात आणि खुब्याचें मोडलेलें हाड, ह्या पांच व्याधी त्यांनीं निवडल्या होत्या. मुक्काम शेंकडा २४ नीं कमी झाला होता. मृत्यूंचें एकंदर प्रमाण मात्र वाढलें नव्हतें, आणि रुग्णालयांतील प्रत्यक्ष उपचार पूर्वींपेक्षां सुधारलेले आढळले. उक्त्या दराच्या पुरस्कर्त्यांना हायसें वाटलें. पण त्याच अहवालमालेंत आणखी एक निष्कर्ष होता. घरीं पाठविलेल्या रुग्णांपैकीं ज्यांची प्रकृति अद्याप स्थिरावलेली नव्हती, असे पूर्वीं शेंकडा १० असत, ते आतां शेंकडा १५ झाले होते. अस्थिर स्थितींत बाहेर पडलेल्यांपैकीं शेंकडा १६ रुग्ण नव्वद दिवसांच्या आंत दगावले. स्थिर स्थितींत बाहेर पडलेल्यांपैकीं शेंकडा १०. आंतली शुश्रूषा सुधारत होती, म्हणून एकंदर हिशेब बिघडला नाहीं. चूक होत होती ती उंबरठ्यावर.

फाटकाबाहेर गेलेल्या रुग्णाचा माग काढावा, ही कल्पना अमेरिकेला नवी नव्हती. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन हे विसाव्या शतकाच्या आरंभापासून सांगत होते कीं, प्रत्येक रुग्णाचा उपचार सफल झाला कीं नाहीं हें कळेपर्यंत रुग्णालयानें त्याची विचारपूस करीत राहावें, आणि नसेल झाला तर कां, हें लिहून ठेवावें. स्वतःच्या लहानशा रुग्णालयांत १९११ ते १९१६ पर्यंत त्यांनीं ३३७ रुग्णांची अशी नोंद ठेवली आणि त्यांत आपल्याकडून झालेल्या १२३ चुका छापून जाहीर केल्या. समव्यवसायी मंडळींना हें रुचलें नाहीं हें सांगावयास नकोच. कॉडमन यांचा आग्रह नीतीचा होता. पुढें तोच आग्रह पैशाच्या मार्गानें धरण्याची वेळ आली.

ती वेळ आणणारांत पहिलें नांव ह्यूस्टनच्या डेंटन कूली यांचें. माणसाच्या छातींत संपूर्ण कृत्रिम हृदय प्रथम बसविणारे शल्यचिकित्सक म्हणून १९६९ पासून त्यांचें नांव जगभर झालें होतें. १९८४ सालीं त्यांच्या संस्थेनें हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठीं एकच रक्कम जाहीर केली: रुग्णालय, शल्यचिकित्सक, भूल देणारा, सर्व त्यांत आले. १९८५ मध्यें बायपास शस्त्रक्रियेची ही रक्कम १३,८०० डॉलर होती, आणि त्याच कामाकरितां मेडिकेअर सरासरी २४,५८८ डॉलर देत होतें. हे आंकडे संस्थेच्याच माणसांनीं प्रसिद्ध केलेले आहेत, आणि जेथें अशा शस्त्रक्रियांचा रोजचा राबता आहे तेथें काम स्वस्त पडणारच, एवढें ध्यानांत ठेवून ते वाचले पाहिजेत. तथापि छपराखालचे दोन हिशेब एक झाले म्हणजे काय घडतें, हें त्यांवरून कळलें.

सरकारनेंही मग १९९१ सालीं हाच प्रयोग चार रुग्णालयांत सुरू केला. १९९३ मध्यें आणखी तीन मिळालीं आणि १९९६ मध्यें तो संपला. बायपासच्या रकमेंत डॉक्टरांची फी तर आलीच, शिवाय त्याच कारणासाठीं रुग्ण पुन्हां दाखल झाल्यास त्याचाही खर्च त्यांत धरला होता. फीची वाटणी एका पिशवींतून होऊं लागतांच शल्यचिकित्सकांचें लक्ष अतिदक्षता विभागांतील मुक्कामाकडे आणि औषधांच्या निवडीकडे वळलें, जें रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनीं वर्षानुवर्षें विनवून वळलें नव्हतें. मेडिकेअरचा खर्च सुमारें एक दशांश कमी झाला आणि मृत्यूंचें प्रमाण चढलें नाहीं. एवढें यश पाहूनही पुढें पुष्कळ वर्षें हा प्रयोग देशभर पसरला नाहीं. रुग्णालयें व डॉक्टर यांच्या संघटनांना तो नको होता, आणि सरकारला त्यांच्याशीं भांडण नको होतें.

पेन्सिल्व्हेनियांतील गायसिंगर संस्थेनें २००६ सालीं एक पाऊल पुढें टाकलें. बायपास शस्त्रक्रिया करतांना कोणत्या गोष्टी चुकूं नयेत, ह्याची चाळीस कलमांची यादी तिच्या शल्यचिकित्सकांनीं स्वतःच बसून तयार केली आणि शस्त्रक्रियेनंतर नव्वद दिवसांपर्यंत उद्भवणाऱ्या संबंधित गुंतागुंतीचा खर्च उक्त्या रकमेंतच धरला. घड्याळाच्या दुकानदारानें हमी द्यावी तशी ही हमी होती आणि वर्तमानपत्रांनीं तिचा गवगवा केला. पण विशेष गोष्ट निराळीच आहे. यादी करण्यापूर्वीं तपासून पाहतां, चाळीसही कलमें पाळलीं गेलीं असे रुग्ण शेंकडा ५९ निघाले. हे सर्व नांवाजलेले डॉक्टर होते आणि प्रत्येकाला तीं कलमें तोंडपाठ होतीं. तीन महिन्यांत हें प्रमाण शेंकडा १०० झालें. पुढल्या नव्वद दिवसांचा भुर्दंड आपल्यावर येणार, एवढ्या जाणिवेनें जें ठाऊक होतें तें नियमानें घडूं लागलें.

२०१० च्या आरोग्यकायद्यानें अशा प्रयोगांना सरकारी खात्यांत कायमची जागा दिली. २०१३ ते २०१८ पर्यंत चाललेल्या मोठ्या योजनेंत भाग घेणें ऐच्छिक होतें. ज्यांना फायदा दिसला तीं रुग्णालयें आलीं, ज्यांना दिसला नाहीं तीं निघून गेलीं, आणि बक्षिसांची रक्कम वजा जातां सरकारच्या हातीं एकंदरींत बचत उरली नाहीं. ऐच्छिक उक्त्या कामाचें असें व्हावयाचेंच. म्हणून १ एप्रिल २०१६ पासून ६७ महानगर विभागांतील रुग्णालयांवर गुडघा आणि खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेपुरती ही पद्धत सक्तीनें लादली गेली. मुदत पुन्हां नव्वद दिवसांची: रुग्ण घरीं गेल्यावर तीन महिनेपर्यंत जो जो खर्च होईल, मग तो शुश्रूषागृहांत होवो वा अन्य कोठें, त्याचा जाब रुग्णालयाला.

येथें १९८३ चें चित्र उलटें फिरलेलें दिसतें. दोन वर्षांच्या अनुभवाचा अभ्यास २०१९ च्या आरंभीं प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें सक्तीच्या विभागांत दर रुग्णामागें खर्च इतर विभागांच्या तुलनेनें ८१२ डॉलर, म्हणजे शेंकडा ३.१, कमी झाला. गुंतागुंत वाढल्याचें दिसलें नाहीं. आणि बचत कशांत झाली? मुख्यतः शुश्रूषागृहांत व तत्सम संस्थांत धाडल्या जाणाऱ्या रुग्णांचें प्रमाण घटलें त्यांत. ज्या दारानें पूर्वीं रुग्णालयें आपला भार बाहेर लोटीत होतीं, त्याच दारावर तीं आतां पहारा करूं लागलीं. रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वींच बोलावून घरीं जिना किती पायऱ्यांचा आहे, रात्रीं सोबतीला कोण असेल, हें विचारण्यांत आतां त्यांचाच लाभ होता. रुग्णालयाचा स्वभाव पालटला नाहीं. हद्दीचा दगड तीन महिने पुढें सरकला.

ह्यावरून उक्ता दर सर्व रोगांना सारखाच लागू पडतो असें मात्र कोणी समजूं नये. हृदयाचें दौर्बल्य, फुप्फुसदाह, रक्तांत भिनलेला जंतुदोष अशा पांच व्याधींचा अभ्यास २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत खर्चही घटला नाहीं आणि रुग्णांच्या स्थितींतही म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. गुडघा बदलणें हें ठरवून केलेलें काम आहे. त्याला आरंभ आहे आणि शेवट आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाला मधुमेह, थकलेलें मूत्रपिंड आणि धापा टाकणारें हृदय, ह्या सर्वांसह ताप येतो, तेव्हां त्याचें काम कोठें सुरू झालें आणि कोठें संपलें, हें गवंड्याच्या भाषेंत सांगतां येत नाहीं.

२०१६ च्या सक्तीला राजकारणाचा वारा लागून २०१८ मध्यें निम्मे विभाग ऐच्छिक झाले, आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजीं ती योजना संपली. तिच्या जागीं पांच शस्त्रक्रियांची नवी सक्तीची योजना नियमबद्ध झाली असून तिचा आरंभदिन १ जानेवारी २०२६ हा नेमला गेला. बायपास, सांधे बदलणें, मोडलेला खुबा, पाठीचा कणा आणि आंतडें, असा तिचा विस्तार आहे. मुदत मात्र नव्वद दिवसांची राहिली नाहीं. ती तीस दिवसांची झाली आहे.

महाराष्ट्रांत हा उक्ता दर ‘पॅकेज’ ह्या नांवानें घरोघर परिचित आहे. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत आणि पुढल्या वर्षीं राज्यभर सुरू झाली, तींत ९७१ उपचारांना ठराविक रकमा नेमून दिल्या होत्या. २०१७ मध्यें तिला महात्मा जोतीराव फुले यांचें नांव मिळालें. २३ सप्टेंबर २०१८ पासून केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना आली, आणि पुढें राज्यांत दोन्ही जोडीनें चालूं लागल्या. अमेरिकेला जी गोष्ट जमवावयास पुष्कळ वर्षें लागलीं, ती येथें पहिल्या दिवसापासून आहे: शल्यचिकित्सकाची फी, भूल, औषधें, रुग्णाचें जेवण, सारें एकाच रकमेंत. रक्कम पुरत नाहीं अशी रुग्णालयांची तक्रार आहे आणि वर्तमानपत्रांत चर्चा होते ती बहुतेक तिचीच. मुदतीचें कलम कोणी फारसें वाचीत नाहीं. आयुष्मान भारत योजनेंत तें असें आहे कीं, दाखल होण्यापूर्वींचे तीन दिवस आणि घरीं गेल्यानंतरचे पंधरा दिवस एवढ्यांचा खर्च पॅकेजमध्यें धरावा. खुब्याचें हाड मोडलेली म्हातारी पंधराव्या दिवशीं बहुधा अजून चौकटीच्या आधारानें चालत असते. त्यापुढचा व्यायाम शिकविणाऱ्याची फी, गोळ्या आणि तालुक्याहून शहरांत फेरतपासणीला येण्याचें एस. टी. चें भाडें घरच्या माणसांच्या पदरांतून जातें.